माळ्यावरची काळी भांडी

एकदा एका गावात असा एक गृहस्थ राहत असे, की ज्याला आपली छत्री कोपऱ्यात ठेवतानासुद्धा त्या कोपऱ्याची खात्री वाटत नसे. त्याचे नाव रंगनाथ. बाजारपेठेतल्या एका कापडदुकानात तो कारकून होता. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी आणि देवभीरू. दुकान बंद झाले की न चुकता नदीकाठच्या गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसे आणि ते सांगतील ते मान खाली घालून ऐके. पण मन मात्र संशयी. दूधवाला दुधात पाणी घालतो, ही शंका सगळ्यांनाच येते. रंगनाथाला एखाद्या दिवशी दूध दाट आले, तर आजच याने पाणी का घातले नाही, अशी शंका येई.

त्या वर्षी त्याच्या घरी पहिला दिवाळसण होता. एकुलत्या एका मुलीचे, वेणूचे, वैशाखात लग्न झाले होते आणि आता जावयाला घेऊन ती दिवाळीला माहेरी यायची होती. पहाटेचे अभ्यंगस्नान, फराळाचे ताट, जावयाला आहेर, हे सगळे यथासांग व्हायला हवे. लग्नात हात रिकामा झालेला. व्याह्यांनी तर कळवले होते की काही एक देऊ नका, पोरं हसतखेळत चार दिवस राहिली म्हणजे आम्हाला पोचलं. रंगनाथाने त्या निरोपाचा रात्रंदिवस विचार केला आणि काही नको म्हणणे ही जास्त मागण्याचीच एक सभ्य रीत असणार, असा निष्कर्ष काढला. जावयाच्या बोटात अंगठी घातल्यावाचून आपल्या मुलीला त्या घरात मान मिळणार नाही, हे त्याने मनाशी धरले.

पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न त्याची बायको इंदू हिनेच सोडवला. ती म्हणाली, माळ्यावर सासूबाईंच्या वेळेपासूनची भांडीकुंडी पडली आहेत, कुणी त्यांना हात लावत नाही, साफसफाई करायचीच आहे तर नको ते सगळे मोडीत घालून टाका. रंगनाथाला हे पटले. दुसऱ्याच दिवशी त्याने पेठेतल्या मोडवाल्या व्यापाऱ्याला घरी आणले.

माळ्याच्या तोंडाशी शिडी लावून व्यापारी वर डोकावला. धुराने, धुळीने आणि कोळिष्टकांनी काळीठिक्कर झालेली पितळी-तांब्याची भांडी एकावर एक रचलेली होती. कोणते पातेले नि कोणता डबा, हेसुद्धा धड ओळखू येत नव्हते. व्यापाऱ्याने एक पातेले हातात तोलून पाहिले आणि समाधानाने परत ठेवले. रंगनाथ त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. माणूस खूश दिसतो, म्हणजे आपल्याला गंडवणार, हे त्याला तिथेच कळून चुकले. म्हणून त्याने मुद्दाम म्हटले की भांडी जुनी आहेत, एखाद्यावर नावबिव घातलेले असेल, त्याची किंमत वेगळी धरायला हवी.

व्यापारी शिडीवरून उतरत म्हणाला, "मालक, आम्ही नावाला पैसे देत नाही, वजनाला देतो. भट्टीत गेलं की सगळी नावं एकच."

रविवारी दुपारी हातगाडी घेऊन येतो, असे सांगून तो गेला.

व्यापारी गेल्यावर रंगनाथ स्वतः माळ्यावर चढला. त्याला एक वस्तू आधीच बाजूला काढून ठेवायची होती. ती म्हणजे त्याच्या वडिलांचे तांब्याचे घंगाळ, चांगले दोन माणसांनी उचलावे असे, दोन बाजूंना कड्या असलेले. ते विकायचे नव्हते. जावयाचे अभ्यंगस्नान त्याच घंगाळातल्या पाण्याने व्हायचे होते, कारण रंगनाथाच्या स्वतःच्या दिवाळसणाला त्याच्या सासऱ्यांकडे असे घंगाळ नव्हते आणि वडील ते पुढे आयुष्यभर बोलून दाखवत. त्याने सगळी भांडी सरकवली. कोपरे चाचपले. घंगाळ नव्हते.

तो खाली उतरला तेव्हा त्याच्या डोक्यात चोराचे नाव तयार होते.

शेजारी द्वारकाकाकू राहत. मध्ये एक भिंत. काकू विधवा, एकट्या, पोराबाळांवाचून. वेणू त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली म्हटले तरी चालेल. इंदू आजारी पडली की पोरीची वेणीफणीसुद्धा काकूच करत. या घरातून त्या घरात जायला त्यांना कधी कडी वाजवावी लागली नव्हती. आणि लग्नाच्या गर्दीत माळ्यावर चढून हवे ते भांडे काढून देणे, हे काम काकूंनीच अंगावर घेतले होते. रंगनाथाने हे सगळे एका ओळीत मांडले आणि बेरीज अगदी चोख आली.

मग त्याला एकेक आठवू लागले. हल्ली काकू दार लोटून घेतात. पूर्वी त्यांचे दार सताड उघडे असे. परवा तो ओट्यावरून हाक मारत गेला, तर त्यांनी आत काहीतरी घाईने सारले आणि मग दारात येऊन उभ्या राहिल्या, बाजूला झाल्या नाहीत. नजरही चुकवली. सोमवारी त्याने मागच्या बोळातून जाताना त्यांच्या खिडकीतून आत पाहिले, आणि आपण असे बघतो आहोत याची त्याला लाज वाटली नाही, कारण स्वतःच्या वस्तूचा माग काढणाऱ्याने लाजायचे काय कारण. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी झाकले होते. गोल होते. घंगाळाएवढे होते.

त्याने बायकोला सांगितले. इंदूने आधी विश्वास ठेवला नाही. काकू असं करायच्या नाहीत हो, असे दोनदा म्हणाली. पण संशय ही वस्तू एका घरात दोन माणसांनी वाटून घेतली की तिला बळ चढते. तिसऱ्या दिवशी इंदूलाही आठवले की गेल्या महिन्यात बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायला आली होती, तेव्हा काकूंनी साड्या दिल्या नाहीत. माझ्याकडे द्यायला काही नाही, म्हणाल्या होत्या. मग आता त्यांच्या घरी दिवाळीच्या फराळाचे सामान कुठून आले? त्या संध्याकाळी काकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली, तर इंदू उत्तर न देता चुलीत फुंकत बसली.

रंगनाथाने ठरवले की वेणू यायच्या आत याचा निकाल लावायचा. दिवाळसणाला काकूंना बोलवायचे नाही, हे तर ठरलेलेच होते. पण एका विधवेच्या दारात एकट्याने जाऊन चोरीचा आळ घेतला, तर आळी आपल्यालाच नावे ठेवील. वजनदार साक्षीदार हवा. म्हणून तो गुरुजींकडे गेला आणि त्यांना सगळी हकिगत सांगितली. घंगाळ कसे होते, कड्या कशा होत्या, तेही सांगितले. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला, तुमच्यासमोर ती चादर उचलायला लावतो, अशी विनंती केली.

गुरुजी वयाने फार वृद्ध. ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. घंगाळाच्या कड्यांचे वर्णन आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि आपल्या मागच्या अंगणाकडे एकवार पाहिले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "येतो. पण उद्या नाही, रविवारी सकाळी. तोवर कुणाजवळ एक अक्षर बोलू नकोस. आणि तुझं ते माळ्यावरचं सगळं खाली अंगणात काढून ठेव. चिंच भिजत घाल. राख चाळून ठेव."

चिंच आणि राख कशाला, हे विचारायचे धैर्य रंगनाथाला झाले नाही. वाटेने मात्र तो विचार करत होता. गुरुजींनी एवढा वेळ का लावला? द्वारकाकाकू त्यांच्याकडेही पोथी ऐकायला जातात. त्यांनी गुरुजींना आधीच काही सांगून ठेवले असेल काय? दोन दिवसांत त्या घंगाळ हलवतील, म्हणून तर ही मुदत नाही? ज्या पायांवर तो रोज डोके ठेवी, त्या पायांविषयीही त्या रात्री त्याच्या मनात शंका येऊन गेली.

रविवारी सकाळी गुरुजी आले. द्वारकाकाकूंच्या दाराकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही. ते सरळ अंगणात शिरले, पाट मागितला, धोतराचा काचा खोवला, नारळाचा काथ्या हातात घेतला आणि ढिगातले पहिले पातेले पुढ्यात ओढून घासायला बसले.

रंगनाथ ओशाळला. म्हणाला, गुरुजी, हे मोडीत जायचे आहे, दुपारी व्यापारी येईल, काळ्या भांड्याचे आणि उजळ भांड्याचे वजन सारखेच भरते. आपण ज्या कामासाठी आलात ते पलीकडच्या घरात आहे.

गुरुजी म्हणाले, "काम इथेच आहे. बस, दुसरा पाट घे."

गुरूने राखेत हात घातल्यावर शिष्याला उभे राहता येईना. तोही बसला. इंदू चिंचेचे पाणी आणून ठेवू लागली. काळी पुटे चिवट होती, नखे मोडत होती. रंगनाथ मनात चडफडत होता की दिवस वर येतो आहे आणि चोर भिंतीपलीकडे निवांत चकल्या पाडतो आहे. आणि असा चडफडत असतानाच त्याच्या बोटांखाली पातेल्याच्या काठाशी अक्षरे लागली. आपल्याकडे भांड्यावर छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी नाव घालतात, तसले ते नाव. वडिलांचे नाव असणार म्हणून त्याने जरा कौतुकानेच पाणी मारून पुसले. नाव वडिलांचे नव्हते. वरच्या आळीतल्या दामले वैद्यांचे होते.

 मग त्याला आठवले की आईच्या आजारपणात वैद्यांच्या घरून पेज येत असे. पातेले येई आणि दुसऱ्या दिवशी रिकामे पातेले न्यायला त्यांचा गडी येई. एखाद्या दिवशी तो आला नसेल.

गुरुजींनी आपल्या हातातली वस्तू पाण्यातून काढून त्याच्यापुढे ठेवली. ती एक तपेली होती. तिच्यावर सोनारणीचे नाव होते. पुढचा गडवा निघाला तो पोस्टमास्तरांचा. ते बदली होऊन गेल्याला किती दिवाळ्या झाल्या असतील कोण जाणे. एका कढईवर इंदूच्या मैत्रिणीच्या लग्नाची तारीख होती. ही माझ्याकडे कधी आली, म्हणून इंदू कपाळाला हात लावून आठवत बसली. काही भांडी घरचीही निघाली, नाही असे नाही. रंगनाथाच्या वडिलांचे नाव एका तांब्यावर दिसले तेव्हा त्याला जरा धीर आला. पण घरच्या ढिगापेक्षा परक्यांचा ढीग वाढू लागला, तसे त्याचे हात जड होत गेले. आता घासायचे भांडे उचलण्यापूर्वी तो कचरत होता.

मग गुरुजींनी एक मोठी परात ओढली. दोघांनी मिळून ती घासली. मधोमध अक्षरे उमटली, ठळक आणि लांबून वाचता येतील अशी. परात गावच्या राममंदिराची होती.

रंगनाथाचे तोंड उतरले. ही परात हरवली म्हणून गेल्या रामनवमीला मंदिराच्या सभेत सगळ्यात मोठा आवाज त्यानेच लावला होता. भांड्यांची किल्ली गुरवाकडे असते, मग जबाबदार कोण, असा प्रश्न त्यानेच उभे राहून विचारला होता. म्हातारा गुरव देवाकडे हात करून शपथ वाहत होता, तेव्हा शपथा सगळेच घेतात, हे शब्दही त्याचेच. त्या दिवसापासून किल्ली गुरवाकडून काढून घेण्यात आली होती. गुरव अजून येताजाता रंगनाथाला नमस्कार करी आणि रंगनाथ तो नमस्कार जेमतेम घेई. परात त्याच्या आदल्या वर्षीच्या महाप्रसादाला आपणच शिरा भरून घरी आणली होती, हे त्याला आता लख्ख आठवले.

"गुरुजी, मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "गुरवालाही माहीत नव्हतं."

 ढिगात तळाशी एक पितळी डबा उरला होता, कडीचे झाकण असलेला. रंगनाथाने तो घेतला. झाकण घट्ट बसले होते, ते त्याने ओढून काढले. आत तळाला कशाचा तरी वाळून दगड झालेला तुकडा होता. डिंकाच्या लाडवाचा. त्याने डब्याची पाठ घासायला सुरुवात केली आणि नाव पुरते दिसायच्या आधीच त्याला ते कळले. द्वारकाकाकूंच्या यजमानांचे नाव होते. वेणूच्या जन्माच्या वेळी बाळंतिणीसाठी काकूंनी डबा भरून डिंकाचे लाडू आणले होते. यजमान जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्यांच्या नावाची किती भांडी त्या बाईच्या घरात असतील? गरिबाचा संसार, तीन-चार असतील, कदाचित हेच एक असेल. आणि ते इथे वेणूच्या वयाइतकी वर्षे काळोखात पडून होते, आज दुपारी भट्टीच्या वाटेला लागणार होते.

रंगनाथ डबा मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते त्याने लपवले नाही.

गुरुजींनी हात धुतले. मग शांतपणे म्हणाले, "रंगनाथ, जे आपल्या घरातून गेलं, त्याची आठवण आपण रोज घासतो. म्हणून ती लखलखीत राहते, कडीन् कडी आठवते. जे आपल्या घरात आलं, त्याच्यावर मात्र पुटं चढू देतो. मग सगळं जग आपलं देणं लागतं असं वाटायला लागतं. तू संशय घेऊ नकोस, असं मी म्हणत नाही. माणसाचं मन आहे, घेईल. पण चादर उचलायची तर पहिली आपल्या माळ्यावरची उचलावी. आता ऊठ. दुपारी व्यापारी यायच्या आत ज्याचं त्याला पोचव. आणि भांडं रिकामं देऊ नकोस."

"आणि माझं घंगाळ?" रंगनाथाच्या तोंडून निघून गेले. निघाल्यावर त्याला त्याचीही लाज वाटली.

"संध्याकाळी माझ्याकडे ये," एवढेच म्हणून गुरुजी गेले.

इंदूने साखरेचा डबा काढला आणि प्रत्येक भांड्यात मूठभर साखर घातली. सणाची साखर तिथेच निम्मी झाली. रंगनाथ भांडी घेऊन दारोदार फिरला. वैद्यांकडे हसे झाले. सोनारणीने तपेली उलटसुलट करून पाहिली आणि हिच्यापायी मी धुणेवालीला काढून टाकले होते, असे सांगून ती खाली मान घालून बसली. मंदिरात त्याने चार माणसांदेखत परात गुरवाच्या हातात दिली आणि चूक माझी होती, असे मोठ्याने म्हटले; सभेत लावला होता तितका मोठा आवाज मात्र लागला नाही. गुरवाने परात कपाळाला लावली आणि नेहमीसारखा नमस्कार केला. या वेळी रंगनाथ वाकला.

शेवटी तो द्वारकाकाकूंच्या दारात उभा राहिला. आज त्याने कडी वाजवली. काकूंनी दार किलकिले केले, तेव्हा त्याने डबा पुढे केला.

काकूंनी तो दोन्ही हातांत घेतला. नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "सापडला होय रे."

"काकू, इतकी वर्षं आमच्याकडे होता. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मला ठाऊक होतं. तुमच्याखेरीज जाणार कुठे? लग्नाला माळ्यावर चढले होते तेव्हा दिसलासुद्धा."

"मग घेतला का नाहीत?"

काकूंनी डबा पदराने पुसला. "पहिली दोन-चार वर्षं मनात यायचं, की विचारावं. यांचं नाव होतं त्यावर. पण लाडू दिलेला डबा मागायला गेलं, की लाडूच परत मागितल्यासारखं होतं. तुझ्या आईला काय वाटलं असतं? मग म्हटलं, आहे तर आपल्याच शेजारी, असू दे."

 रंगनाथाची नजर आपोआप त्या कोपऱ्याकडे गेली. काकूंनी ते पाहिले आणि त्यांना वाटले, याला आता कळलेच. त्या हसल्या, आत गेल्या आणि चादर बाजूला केली. खाली गोधडी होती, गुंडाळून गोल केलेली. त्यांच्या साऱ्या ठेवणीतल्या लुगड्यांची शिवलेली, बारीक टाक्यांची. वेणूच्या दिवाळसणासाठी. बोहारणीला म्हणून तर काही दिले नाही, त्या म्हणाल्या, आणि तुमच्याकडून वेणूला आधी कळू नये म्हणून दार लावून शिवत होते. तू मेला नेमका हाक मारत यायचास.

त्या रस्त्याने रंगनाथ आपल्या घरी कसा आला, ते त्याचे त्यालाच कळले नाही. अंतर एका भिंतीचे होते.

दुपारी व्यापारी हातगाडी घेऊन आला. अंगणात चार-दोन भांडी, एक गंजलेली लोखंडी पेटी आणि मोडका पलंग एवढेच पाहून त्याचा चेहरा बदलला. बाकीचा माल कुठे गेला, असे त्याने विचारले. रंगनाथाने खरे ते सांगितले. व्यापाऱ्याने ते ऐकून घेतले आणि मान हलवत म्हणाला, "असू दे, मालक. दुसऱ्याला जास्त भावानं दिलात तर तसं सांगा. आम्हाला गोष्टी नका सांगू."

रंगनाथ शपथ घ्यायला निघाला होता. मग त्याला गुरव आठवला आणि तो गप्प बसला. जे मिळाले ते पैसे त्याने घेतले. त्यात अंगठी येणार नव्हती. जावयासाठी एक चांगले धोतराचे पान येणार होते, एवढेच.

संध्याकाळी तो नदीकाठी गेला. गुरुजींनी त्याला मागच्या अंगणात नेले. तिथे न्हाणीजवळ एक घंगाळ होते. अर्धे घासून तांब्याच्या रंगाने उजळलेले, अर्धे तसेच कळकट. उजळलेल्या बाजूवर रंगनाथाच्या वडिलांचे नाव होते.

लग्नात वऱ्हाड गुरुजींच्या घरी उतरले होते, हे रंगनाथाला आठवले. वऱ्हाडाच्या आंघोळीसाठी घंगाळ त्यानेच दोन गड्यांच्या डोक्यावर देऊन इथे पाठवले होते.

"वैशाखापासून मी रोज यात आंघोळ करतो आहे," गुरुजी म्हणाले. "कुणी विचारलं असतं तर माझंच म्हणून सांगितलं असतं. तू कड्यांचं सांगितलंस तेव्हा माझ्या मनात आलं. तू गेल्यावर चिंच घेऊन बसलो."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुला घंगाळ मिळालं असतं. काकू सुटल्या नसत्या. उद्या तुला पळी सापडली नसती, तर तू पुन्हा त्याच खिडकीतून बघितलं असतंस." गुरुजींनी घंगाळाच्या कळकट बाजूवर हात ठेवला. "आणि खरं सांगायचं तर, दोन दिवस मलाही लाज आवरायला लागले."

उरलेले अर्धे घंगाळ त्या संध्याकाळी शिष्याने घासले. गुरुजी शेजारी बसून होते. परत नेताना घंगाळात गुरुजींनी मूठभर साखर टाकली.

धनत्रयोदशीला वेणू आली. एस.टी.तून उतरून ओट्यापाशी पोचताच तिने बापाच्या पाया पडल्यासारखे केले, नवऱ्याला तिथेच उभे केले आणि काकू, काकू, करत शेजारच्या दारात शिरली. भिंतीपलीकडून दोघींचे हसणे ऐकू येऊ लागले. जावई गोड हसून म्हणाला, घरी रोज हेच नाव ऐकतो आम्ही. रंगनाथाने जावयाला बसायला पाट दिला.  आपण गेल्या रविवारी सकाळी कुठल्या दारात, काय बोलायला उभे राहणार होतो, हे त्याच्या डोळ्यांपुढे आले होते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले. घंगाळ लखलखत होते. जावयाला ओवाळायला इंदूने द्वारकाकाकूंना बोलावून आणले होते आणि त्या रिकाम्या हाताने आल्या नव्हत्या. तोच पितळी डबा अनारशांनी भरून आणला होता.

फराळ झाला. मंडळी गप्पांत रंगली. रंगनाथ मात्र उठला, अनारसे ताटात काढून घेतले, डबा मोरीवर नेऊन स्वतः घासला, पुसला, त्यात साखर घातली आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. काकू नुकत्याच घरी येऊन टेकत होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"अरे, एवढी काय घाई होती?"

"नाव दिसतंय तोवर देऊन टाकतो, काकू," रंगनाथ म्हणाला.